पाना कुठंय?

त्या मुलानं लॅपटॉप उघडला तेव्हा बाबांनी एकच प्रश्न विचारला, "पाना कुठंय?"

२०२१चा डिसेंबर होता. लोणखेड्यात आमच्या अंगणात माझी सेकंडहँड पोलो उभी होती. सुरतेहून आलेला, माझ्याच वयाचा एक मुलगा ड्रायव्हरच्या सीटवर तिरका बसला होता. स्टिअरिंगखाली हात घालून त्यानं एक वायर खोचली आणि तिचं दुसरं टोक लॅपटॉपला जोडलं. बॉनेट बंदच. जमिनीवर पोतं अंथरलेलं नाही, हाताला ग्रीस नाही, कुणी कुणाला 'बाराचा दे' म्हणत नाही. स्क्रीनवर एक हिरवी पट्टी हळूहळू पुढे सरकत होती. ती शंभर टक्क्यांवर पोचली, तेव्हा तो म्हणाला, "झालं दादा. स्टेज वन."

बाबांनी तीस वर्षं जीपखाली झोपून काढली आहेत. त्यांनी बॉनेट उघडलं, आत डोकावलं आणि मला विचारलं, "काय बदललं?"

"मॅप बदलला. नकाशा."

"कुठला नकाशा?"

मला नीट सांगता आलं नाही. इंजिनिअरिंगची पदवी आहे, चाकणला दोन वर्षं सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात नोकरी केली आहे, तरीही सांगता आलं नाही. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचं उशिरा दिलेलं उत्तर आहे. ते देताना मला तुरीनपासून कुर्ल्यापर्यंत आणि चाकणपासून तोरणमाळच्या घाटापर्यंत जावं लागलं.

ओझ्यासाठी केलेले बदल

गाडी 'मॉडिफाय' करणं हे शहरातलं, यूट्यूबवरून आलेलं फॅड आहे असं आमच्याकडे बहुतेकांना वाटतं. आमचाच शहादा तालुका नीट पाहिला तर तसं दिसत नाही.

सातपुडा साखर कारखान्याच्या रस्त्यावर हंगामात उभं राहा. उसाच्या बैलगाड्या येतात, त्यांना लाकडी चाकं नसतात, रबरी टायर असतात. कधीकाळी कुणीतरी लाकडी चाक, लोखंडी धाव हे सगळं काढून तिथं बेअरिंगचा आस आणि हवेचा टायर बसवला. बैल तेच राहिले, गाडी मात्र जास्त ऊस ओढू लागली.

बाबांच्या गॅरेजमध्ये पेट्रोलच्या जुन्या जीप यायच्या. पेट्रोल परवडेना, म्हणून त्यांत मॅटाडोरचं डिझेल इंजिन बसवलं जायचं. इंजिनाचे माउंटिंग नव्यानं वेल्ड करायचे, गिअरबॉक्सला जोडणारी प्लेट लेथवर करून घ्यायची. काळ्या-पिवळ्या जीपच्या मागे लांबलचक पायरी आणि वर कॅरिअर लागायचं. धडगाव-अक्कलकुव्याकडच्या माणसांनी त्या जीप आत-बाहेर कशा भरलेल्या असत ते पाहिलं आहे. पाट्याच्या स्प्रिंगमध्ये दोन पाटे वाढवणं हे तर रोजचंच काम होतं.

म्हणजे बदल करायची सवय आमच्याकडे जुनीच आहे. फरक हेतूचा होता. ते बदल ओझ्यासाठी होते, माझा बदल वेगासाठी होता. बाबांना मुळात हेच पटत नव्हतं. जास्त माणसं बसत नाहीत, जास्त माल येत नाही, ॲव्हरेज वाढत नाही, मग पैसे कशाचे दिले?

विंचवाचा सायलेन्सर

वेगासाठी साध्या छोट्या गाडीत बदल करायचा, हा धंदा म्हणून उभा राहिला तो दुसऱ्या महायुद्धानंतरच्या युरोपात.

कार्लो अबार्थ हा व्हिएन्नात जन्मलेला माणूस. तरुणपणी मोटारसायकलच्या शर्यतींत उतरायचा. १९४९मध्ये त्यानं इटलीत स्वतःची कंपनी काढली आणि ती लवकरच तुरीनमध्ये स्थिरावली. तुरीन म्हणजे फियाटचं गाव. आपल्या राशीवरून, वृश्चिकेवरून, त्यानं विंचवाचं चिन्ह घेतलं. युद्धानं पोळलेल्या देशात लोक फियाटच्या चिमुकल्या गाड्या कशाबशा घेत होते. रेसिंग कार घ्यायची ऐपत कुणाची असणार? अबार्थनं या लोकांना एक वस्तू विकली: सायलेन्सर. धूर मोकळा बाहेर पडेल, आवाज खर्जातला येईल आणि इंजिन थोडं हलकं श्वास घेईल असा. कारकुनाला आणि दुकानदाराला परवडेल असा तो वेगाचा तुकडा होता.

पुढे त्यानं फियाट ५०० आणि ६०० यांच्यासाठी आख्खी किट विकायला सुरुवात केली. पिस्टन, कार्ब्युरेटर, सायलेन्सर असं सगळं एका खोक्यात भरलेलं असे. खोकं घ्या, गावातल्या मेकॅनिककडून बसवून घ्या. आज आपण 'आफ्टरमार्केट' म्हणतो तो प्रकार हाच. १९७१मध्ये फियाटनं अबार्थची कंपनीच विकत घेतली.

इंग्लंडमध्ये याच सुमारास दुसरी गोष्ट घडत होती. १९५९मध्ये आलेली मिनी ही गरिबाची गाडी, ८४८ सीसी आणि ३४ अश्वशक्तीची. जॉन कूपर रेसिंग कार बनवायचा. त्याला ही गाडी वळणावर किती घट्ट बसते ते दिसलं. त्यानं कंपनीचं मन वळवलं आणि १९६१मध्ये मिनी कूपर आली. इंजिन ९९७ सीसी, ताकद ५५ अश्वशक्ती.

या गोष्टीतला एक तपशील लोक सांगायला विसरतात. ताकद वाढवताना कूपरच्या गाडीला पुढच्या चाकांवर डिस्क ब्रेकही दिले गेले. त्या काळात एवढ्या लहान गाडीला डिस्क ब्रेक ही नवलाईची गोष्ट होती. ते लहान होते, फार जोरदारही नव्हते, पण पळण्याची आणि थांबण्याची तजवीज एकाच वेळी केली गेली. पुढे मिनीनं १९६४, १९६५ आणि १९६७ला माँटे कार्लो रॅली जिंकली. मधल्या १९६६ साली पहिल्या तिन्ही जागा मिनींनीच पटकावल्या होत्या, पण नंतर त्या बाद ठरल्या. कारण काय, तर पुढचे दिवे नियमात बसत नव्हते! रात्री समोरच्याचे डोळे दिपवणारे पांढरे दिवे लावून फिरणाऱ्या आपल्याकडच्या पोरांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी.

तिसरी गोष्ट जर्मनीतली. १९७४च्या सुमारास फोक्सवॅगनमधल्या काही जणांनी अधिकृत मंजुरी नसताना, कामाचे तास संपल्यावर, साध्या गोल्फ गाडीची एक तिखट आवृत्ती तयार करायला घेतली. १९७५च्या फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात ती लोकांसमोर आली, १९७६मध्ये विक्रीला आली. कंपनीचा अंदाज पाच हजार गाड्यांचा होता. ती गोल्फ जीटीआय. 'हॉट हॅच' म्हणून आपण ज्याला ओळखतो त्या जातीला या गाडीनं नाव आणि प्रतिष्ठा दिली.

कुर्ल्याचा कारखाना

तुरीनची गाडी महाराष्ट्रात आली ती एका सोलापूरकराच्या धडपडीमुळे. वालचंद हिराचंद यांनी १९४४मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि कुर्ल्याला कारखाना उभा केला. १९५०च्या दशकात तिथं फियाटच्या गाड्या जोडल्या जाऊ लागल्या. १९६४मध्ये ११०० डिलाइट आली, आणि हीच गाडी पुढच्या दशकात 'पद्मिनी' झाली. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून तिला सगळ्यांनी पाहिलं आहे, निदान सिनेमात तरी.

परवाना राजच्या त्या काळात नवी गाडी मिळायला वर्षानुवर्षं थांबावं लागे. बाजारात निवड म्हणजे फियाट, अँबॅसेडर आणि स्टँडर्ड. अशा वेळी गाडी बदलता येत नसेल तर आहे तीच बदलायची, हा साधा हिशोब होता. हौशी माणूस पद्मिनीचा स्टिअरिंगजवळचा गिअर काढून खाली जमिनीवर आणायचा, सलग सीटच्या जागी बकेट सीट बसवायचा. त्याहून जास्त हौस असेल तर लेथवाल्याकडून हेडचं फेसिंग करून कॉम्प्रेशन वाढवायचं, कार्ब्युरेटरचे जेट बदलायचे. चेन्नईजवळ शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर शर्यती भरत. तिथं कुर्ल्याच्या फियाट ओळखू येणार नाहीत इतक्या बदललेल्या रूपात पळत.

या सगळ्या कामाला पाना लागायचा. कान लागायचा. कार्ब्युरेटरचा स्क्रू पाव फेरा फिरवून इंजिनाचा सूर ऐकणारे मेकॅनिक होते. बाबा त्यांतलेच. ते अजूनही गाडी दारात येण्याआधी आवाजावरून तिचा कुठला सिलिंडर आजारी आहे ते सांगतात.

१९८३च्या डिसेंबरात मारुती ८०० आली, १९९३मध्ये झेन आली. झेन हलकी होती, तिचं इंजिन आनंदानं फिरायचं, त्यामुळे एका पिढीनं फ्री-फ्लो सायलेन्सर आणि मोकळा एअर फिल्टर यांचे प्रयोग तिच्यावर केले. २००१मध्ये कुर्ल्यातूनच फियाट पालिओ आली. तिची १.६ जीटीएक्स ही आवृत्ती सुमारे शंभर अश्वशक्तीची. जाहिरातीत सचिन तेंडुलकर. त्या काळातली ती खरीखुरी तिखट हॅचबॅक होती, फक्त पेट्रोल पिण्याच्या बाबतीतही ती तेवढीच तिखट होती.

आता यातली मेख पाहा. पालिओ किंवा झेनसारखं टर्बो नसलेलं इंजिन आपल्या श्वासानंच हवा ओढतं. त्याला मोकळा फिल्टर लावा, मोकळा सायलेन्सर लावा, हाती लागतात फार तर चार-पाच घोडे आणि भरपूर आवाज. जास्त हवं असेल तर इंजिन उघडावं लागतं आणि खिसाही उघडावा लागतो. त्यामुळे खरे बदल करणारे मोजकेच राहिले. बाकीच्यांनी स्टिकर लावले.

चार मीटर, बाराशे सीसी

हे चित्र पालटलं दिल्लीतल्या एका अर्थसंकल्पानं.

२००६मध्ये अर्थमंत्री पी. चिदंबरम यांनी लहान गाड्यांवरचं उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणलं. लहान म्हणजे कोणती? लांबी चार मीटरच्या आत, आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत किंवा डिझेल इंजिन १५०० सीसीपर्यंत. ही रेघ आजही पुसलेली नाही. सप्टेंबर २०२५मध्ये जीएसटीचे नवे दर आले, तेव्हाही १८ टक्के आणि ४० टक्के यांच्यामधली सीमा याच मापांनी आखली गेली.

एका रेघेनं काय होतं? पालिओसारखं १६०० सीसीचं इंजिन लहान गाडीत बसवणं म्हणजे आपणहून जास्त कर ओढवून घेणं. म्हणून कंपन्यांनी गाड्या चार मीटरच्या आत आणि इंजिनं बाराशेच्या आत दाबली. डिसेंबर २००९मध्ये पुण्याजवळ चाकणला फोक्सवॅगनच्या कारखान्यातून पोलो बाहेर पडू लागली. गाडी मजबूत, दार लावलं की 'धप्प' असा भारदस्त आवाज येणारी. पण १.२ लिटरचं तीन सिलिंडरचं पेट्रोल इंजिन जेमतेम ७५ अश्वशक्तीचं. पैलवानाच्या अंगात शाळकरी पोराची फुप्फुसं बसवावीत तसं झालं.

मग २०१३मध्ये पोलो जीटी टीएसआय आली. इंजिन ११९७ सीसी, म्हणजे रेघेच्या आत तीन सीसी. पण त्याला टर्बो होता. टर्बो म्हणजे सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुराच्या जोरावर फिरणारा पंखा, जो इंजिनात बाहेरची हवा दाबून भरतो. जास्त हवा आली की जास्त पेट्रोल जाळता येतं, त्यामुळे छोटं इंजिन मोठ्यासारखं वागतं. १०५ अश्वशक्ती, १७५ न्यूटन-मीटर टॉर्क, सात गिअरचा आपोआप बदलणारा डीएसजी गिअरबॉक्स. दिल्लीत एक्स-शोरूम किंमत ७ लाख ९९ हजार.

मी चाकणला असताना कंपनीच्या बसमधून रोज सकाळी ट्रेलरवर चढवलेल्या नव्या पोलो दिसायच्या. घ्यायची ऐपत नव्हती. ती आली २०२१मध्ये, तीही सुरतेच्या जुन्या बाजारातून.

सरकारला लहान इंजिन हवं होतं, म्हणून कंपन्यांनी टर्बो आणला. आणि टर्बो आला म्हणून लॅपटॉपवाला मुलगा आमच्या अंगणात आला. कर ठरवणाऱ्यांच्या ध्यानीमनीही हे नसणार.

नकाशा म्हणजे काय

बाबा, हे उत्तर तुमच्यासाठी.

आताच्या गाडीत कार्ब्युरेटर नाही. त्याच्या जागी ईसीयू नावाचा एक बंद डबा आहे. त्यात आकड्यांचे तक्ते असतात. इंजिन इतक्या फेऱ्यांवर असेल आणि पाय इतका दाबला असेल, तर इतकं पेट्रोल सोडायचं, ठिणगी इतकी आधी पाडायची, टर्बोला इतका दाब करू द्यायचा. हे तक्ते कागदावर उतरवले तर डोंगर-दऱ्यांच्या नकाशासारखे दिसतात, म्हणून त्यांना मॅप म्हणतात. तुम्ही स्क्रू पाव फेरा फिरवायचात, तो मुलगा तक्त्यातला आकडा बदलतो. काम तेच, कान मात्र लागत नाही.

टर्बोच्या गाडीत टर्बोचा दाब थोडा वाढवला की साधारण पाव हिस्सा ताकद वाढून मिळते, एकही भाग न बदलता. मग कंपनीनं आधीच का नाही दिली? हा प्रश्न मला फार दिवस सतावत होता. कंपनी आपल्याला फसवते, असं त्या मुलाचं म्हणणं होतं.

खरी गोष्ट अशी, की कंपनी शिल्लक ठेवते. युरोपात याच १.२ टीएसआय इंजिनाच्या ८६ आणि १०५ अश्वशक्तीच्या अशा दोन आवृत्त्या विकल्या जायच्या. शिल्लक ठेवण्यामागे थोडा धंदा असतोच. पण बाकीची कारणं आपल्या अंगणातली आहेत. नंदुरबारच्या पंपावरचं साधं पेट्रोल तेव्हा ९१ ऑक्टेनचं होतं, जर्मनीत ९५चं सर्रास मिळायचं. आमच्याकडे मे महिन्यात पारा त्रेचाळीसच्या वर जातो आणि गरम हवेत इंजिन लवकर ठोकायला लागतं. कुणी सर्व्हिसिंग सहा महिने पुढे ढकलतो. डीएसजीच्या त्या कोरड्या क्लचच्या गिअरबॉक्सची मर्यादा २५० न्यूटन-मीटर आहे, इंजिन देतं १७५. मधले पंचाहत्तर वाया गेलेले नाहीत, ते गिअरबॉक्सचं आयुष्य आहे. सुगीला घरात आलेलं सगळं धान्य आपण विकत नाही, कणगीत थोडं ठेवतो, तसंच हे.

रिमॅप म्हणजे या कणगीला हात घालणं. घालू नये असं मी म्हणत नाही. मी घातलाच की! पण कणगी रिकामी करताना ती कशासाठी भरली होती हे ठाऊक असायला हवं. मला ते ठाऊक नव्हतं.

विंचू रांजणगावात

या इतिहासात एक वर्तुळ महाराष्ट्रातच पूर्ण झालं आणि फार कमी लोकांना ते आठवतं.

कुर्ल्यातून फियाटचा मुक्काम पुण्याजवळ रांजणगावला हलला. टाटांच्या भागीदारीतल्या त्या कारखान्यातून २००९मध्ये पुंटो आली. आणि ऑक्टोबर २०१५मध्ये त्याच कारखान्यातून एक अशी पुंटो बाहेर पडली जिच्या नाकावर फियाटचं चिन्ह नव्हतं, विंचू होता. अबार्थ पुंटो. १.४ लिटरचं टर्बो इंजिन, १४५ अश्वशक्ती, किंमत ९ लाख ९५ हजार. शून्य ते शंभर ८.८ सेकंदांत, असा कंपनीचा दावा.

ज्या माणसानं खोक्यात भरून किट विकली, त्याचं नाव पासष्ट-सहासष्ट वर्षांनी अष्टविनायकातल्या महागणपतीच्या गावाजवळ तयार झालेल्या गाडीवर आलं. आणि या गाडीत निव्वळ ताकद वाढवली नव्हती. चारही चाकांना डिस्क ब्रेक होते आणि गाडी थोडी खाली बसवलेली होती. कूपरनं केलं तेच रांजणगावच्या गाडीतही केलं होतं.

पण इंजिन १३६८ सीसीचं. लांबी चार मीटरच्या आत असूनही गाडी करांच्या रेघेबाहेर पडली. शिवाय आपल्याकडे गिऱ्हाईक पहिला प्रश्न 'कितना देती है' हा विचारतं. थोड्या वर्षांत अबार्थ गेली, फियाटही आपल्या बाजारातून गेली. पोलोही २०२२मध्ये बंद झाली. आज जो तरुण तिखट हॅचबॅक शोधतो, तो बहुधा जुन्या बाजारात चाकण आणि रांजणगावच्या गाड्याच शोधतो. त्यांची किंमत ठरते ती आधीच्या मालकानं काय काय लावलं यावर आणि काय काय लपवलं यावर.

आरसी बुकातली गाडी

माझ्या गाडीच्या आधीच्या मालकानं सतरा इंची अलॉय लावले होते. मूळ चाकं पंधरा इंची. दिसायला झकास. गाडी 'जीजे ०५'ची 'एमएच ३९' करायची म्हणून सुरतेहून एनओसी आणली, इथं कर भरला आणि नंदुरबारच्या आरटीओत गाडी दाखवायला नेण्याआधी एका ओळखीच्या एजंटानं ती चाकं पाहून डोक्याला हात लावला.

कायदा काय म्हणतो ते थोडक्यात सांगतो. १९८८च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल आहे. आधी परवानगी काढून बरेच बदल करता येत. २०००च्या दुरुस्तीनं निकष बदलला: आरसी बुकातला तपशील मूळ निर्मात्यानं दिलेल्या वर्णनापेक्षा वेगळा होईल असा बदल करायचा नाही. जानेवारी २०१९मध्ये केरळमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं हाच अर्थ पक्का केला. त्याच वर्षीच्या कायदादुरुस्तीनं अशा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आणली. मान्यताप्राप्त सीएनजी किट नोंद करून लावता येतं. काळ्या फिल्मवर २०१२मध्येच न्यायालयाचा बडगा आला होता.

लॅपटॉपनं केलेला बदल साहेबाला डोळ्यांनी दिसत नाही. न दिसल्यामुळे तो नियमात बसतो असं मात्र नाही. उद्या अपघात झाला आणि विमा कंपनीनं ईसीयू तपासला, तर हरकत घ्यायला तिला जागा मिळते. ज्या समोरच्या माणसाला धडक बसली असेल त्याला तुमच्या स्टेज वनशी काय देणंघेणं?

या कायद्यावर माझी एक तक्रार आहे. काळ्या-पिवळीच्या टपावर माणसं बसवणारी पायरी आणि गाडी चांगली थांबावी म्हणून बसवलेले मोठे ब्रेक, या दोन्हींकडे तो एकाच संशयानं बघतो. काही देशांत बदललेली गाडी तपासून, प्रमाणपत्र देऊन रस्त्यावर येऊ देतात. आपल्याकडे तसा सोपा रस्ता नाही, म्हणून सगळंच अंगणात, हळू आवाजात चालतं. जिथं तपासणीच नाही, तिथं चांगलं काम आणि वाईट काम यांतला फरक घाटात कळतो.

तोरणमाळ उतरताना

मला तो तसाच कळला.

रिमॅपनंतर दीड महिन्यानं, जानेवारीतल्या एका रविवारी आम्ही तोरणमाळला गेलो. आई, बाबा, आत्या आणि बहीण. म्हसावद, राणीपूर आणि मग घाट. वर जाताना मी खुशीत होतो. वळण संपलं की पाय दाबायचा, गाडी पाठीत धक्का देऊन उसळायची. बहीण मागून ओरडत होती. यशवंत तलावाकाठी जेवलो, सीताखाई पाहिली आणि चारच्या सुमारास उतरायला लागलो.

उतरतानाही मी तसाच आलो. गिअर डीवर. वळणाआधी जोरात ब्रेक, मग पुन्हा पाय. सातपायरीच्या वळणांत कधीतरी जळका वास आला. मला वाटलं, कुणीतरी रान पेटवलंय. पुढच्या वळणावर ब्रेक दाबला आणि पाय नेहमीपेक्षा खाली गेला. त्याच्या पुढच्या वळणावर आणखी खाली. चिखलात पाय रुतावा तसा. गाडी थांबत होती, पण जिथं थांबायला हवी तिथं नाही.

बाबा शेजारी होते. ते ओरडले नाहीत. म्हणाले, "पाय उचल. गिअर खाली घे. आणखी खाली." मी लीव्हर बाजूला सारून हातानं गिअर उतरवले. इंजिन गुरगुरलं, गाडी आवरली. डाव्या हाताला डोंगराला लागून रुंद जागा आली, तिथं हँडब्रेक ओढून थांबवली. पुढच्या चाकांतून धूर येत होता. मागे कुणी बोलत नव्हतं. आईनं आत्याचा हात धरला होता.

प्रामाणिकपणे सांगायचं तर रिमॅपनं ब्रेक बिघडवले नव्हते. ब्रेक ऑइल जुनं होतं. ते हवेतलं पाणी शोषतं, तापलं की त्यात वाफ धरते आणि वाफ दाबली जाते, त्यामुळे पॅडल पोकळ होतं. पुढचे पॅड संपत आले होते. हे सगळं गाडी घेतली त्या दिवसापासून तसंच होतं. माझ्या हातात पैसे होते तेव्हा मी ते पळण्यावर घातले, थांबण्यावर घातले नाहीत. अकराशे किलोची गाडी आणि पाच माणसं, हे सगळं थांबवणारी वस्तू कोणत्या अवस्थेत आहे ते मी पाहिलंही नव्हतं.

अर्ध्या तासानं चाकं थंड झाली. बाबा रस्त्याकडेला दगडावर बसले होते. माझे आजोबा दरवर्षी दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या घोडेबाजारात जायचे. घेणं-देणं क्वचित, बघणंच जास्त. घोडा पळवून दाखवणाऱ्याकडे ते लक्ष देत नसत, असं बाबा म्हणाले. लगाम ओढल्यावर तो किती पावलांत उभा राहतो, एवढंच बघायचे. मग बाबा अहिराणीत म्हणाले, "जी गाडी पयस, तिले थांबता बी येवाले पाहिजे." एवढं बोलून ते उठले आणि ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसले. उरलेला घाट त्यांनी दुसऱ्या गिअरमध्ये उतरवला.

पुढच्या आठवड्यात धुळ्याला जाऊन डिस्क, पॅड आणि ब्रेक ऑइल बदललं. सतरा इंची चाकं विकली. त्यांतली एक रिम अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्याच्या खड्ड्यात आधीच वाकली होती. पंधरा इंची चाकं आणि चांगले टायर घेतले. सस्पेन्शनचे बुश बदलले. मूळ मॅप परत टाकून घेतला. गाडी आता १०५ घोड्यांचीच आहे आणि मला पूर्वीपेक्षा वेगवान वाटते, कारण वळणावर तिच्यावर भरवसा ठेवता येतो.

गेल्या महिन्यात माझ्या चुलतभावानं पुण्याहून जुनी पोलो आणली, १.० टीएसआय, हातानं गिअर टाकायची. कॉलेजच्या गेटसमोर रोज तिच्याभोवती चार पोरं उभी असतात. त्यालाही स्टेज वन करायचं आहे. मी त्याला हे सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "दादा, तू केलंस तेव्हा कुणाचं ऐकलं होतंस?"

उत्तर नव्हतं.

लॅपटॉपवाला रविवारी येणार आहे. शनिवारी संध्याकाळी मी घरी आलो तेव्हा त्याची गाडी आमच्या अंगणात जॅकवर होती, पुढची दोन्ही चाकं काढलेली. बाबा पोत्यावर बसून पॅडची जाडी बघत होते आणि भाऊ शेजारी उकिडवा बसून बॅटरी धरत होता. मी फाटकातून आत आलो तसं बाबांनी मान वर न करता हात पुढे केला.

"पाना दे."